वर्गातून धक्क्यावर : पॉवर स्क्वाड्रन्सची ११० वर्षे

एखाद्या क्लबाचे सभासद व्हायचे तर आधी ओळख लागते, मग सूचक-अनुमोदक आणि शेवटी वर्गणी. अमेरिकेतल्या ‘युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वाड्रन्स’ या नौकानयन संस्थेत शिरण्यासाठी कित्येक दशके या सगळ्यांच्या आधी एक परीक्षा द्यावी लागे. हिवाळ्यात बोटी ताडपत्रीखाली झाकून पडलेल्या असत, आणि गावातल्या शाळेच्या एखाद्या रिकाम्या वर्गात संध्याकाळी संस्थेचे स्वयंसेवक फळा पुसून उभे राहत. समोर बसलेले लोक क्लबात भरती व्हायला आलेले नसत. बोट सुरक्षित कशी हाकावी एवढेच शिकून घरी जाण्याचा त्यांचा बेत असे. त्यातले काही मात्र घरी गेलेच नाहीत, असे म्हणायला हरकत नाही. पुढच्या हिवाळ्यात तेच फळ्यापाशी उभे दिसत.

२ फेब्रुवारी १९१४ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेला २०२४ साली ११० वर्षे पूर्ण झाली. अलीकडे ती ‘अमेरिकाज बोटिंग क्लब’ या नावाने लोकांपुढे जाते. कागदोपत्री जुने नाव कायम आहे. संस्थेचे मुख्यालय नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅली येथे आहे. प्रत्येक स्थानिक शाखेला ‘स्क्वाड्रन’ म्हणतात, अनेक स्क्वाड्रनचा मिळून एक जिल्हा होतो आणि शाखेच्या कार्यकारिणीला ‘ब्रिज’ असे नाव आहे, म्हणजे जहाज जिथून हाकले जाते ती जागा. पदाधिकारी बदलतात तेव्हा होणाऱ्या समारंभाचे नावही ‘चेंज ऑफ द वॉच’, म्हणजे पहारा बदलणे. हा सारा नौदली थाट कुठून आला, हे समजण्यासाठी बॉस्टनला जावे लागेल.

१९१२ ते १९२० : धूर सोडणाऱ्या होड्या

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात होडीला इंजिन बसले, आणि पाण्यावरचा समाज बदलू लागला. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली होडीच्या मागे अडकवता येणारे इंजिन तयार केले. तोपर्यंत शिडाची नौका बाळगायची तर वारा ओळखता आला पाहिजे, दोर हाताळता आले पाहिजेत, आणि बहुधा खिशात पैसाही असला पाहिजे. इंजिनाने या अटी ढिल्या केल्या. टाकीत पेट्रोल ओतले, चाक फिरवले की निघाले. १९१० साली अमेरिकी काँग्रेसने मोटारबोट कायदा करून दिवे, भोंगा, जीवरक्षक साधने आणि आग विझवण्याची सोय सक्तीची केली. चालवणाऱ्याला काय यायला हवे, याबद्दल मात्र कायदा फारसा बोलत नव्हता.

आपल्याकडे कोळीवाड्यातला तांडेल पोरवयापासून बापाबरोबर समुद्रावर जातो. भरती, ओहोटी, उधाण, खडक हे त्याला कोणी फळ्यावर शिकवत नाही. रविवारी दुपारी मोटारबोट घेऊन निघणाऱ्या शहरी माणसाला असा बाप नव्हता. पॉवर स्क्वाड्रन्सनी नेमकी ही पोकळी भरून काढली.

बॉस्टन यॉट क्लब हा १८६६ सालचा जुना क्लब. तिथल्या शिडाच्या नौकावाल्यांना मोटारबोटींचे कौतुक नव्हते. घाण वासाचे मडके अशा अर्थाचे ‘स्टिंकपॉट’ हे टोपणनाव इंग्रजीत त्या बोटींना आजही चिकटलेले आहे. क्लबचे पदाधिकारी रॉजर अप्टन यांनी या उपेक्षित मंडळींना एकत्र करायचे ठरवले. १९१२ पासून त्यांनी क्लबातल्या मोटारबोटवाल्यांचा एक वेगळा ताफा बांधला. रांगेत बोटी चालवणे, निशाणांनी संदेश देणे, धक्क्याला नीट लागणे अशा कवायती सुरू झाल्या. ‘पॉवर’ म्हणजे इंजिनाची, ‘स्क्वाड्रन’ म्हणजे ताफा; संस्थेचे नाव या कवायतींतूनच आले. इतर क्लबांनाही ही कल्पना पसंत पडली, आणि १९१४ च्या फेब्रुवारीत अनेक क्लबांच्या प्रतिनिधींनी मिळून राष्ट्रीय संस्था उभी केली. अप्टन तिचे पहिले मुख्य कमांडर झाले.

संस्थेचा स्वतःचा ध्वजही याच काळातला. सात निळे आणि सहा पांढरे असे तेरा उभे पट्टे, कोपऱ्यात लाल चौकोन, आणि त्यात नांगराभोवती तेरा तारे. हा ध्वज बोटीवर लावायचा हक्क फक्त सभासदाला, आणि सभासदत्वाची वाट परीक्षेतून जाणारी. त्यामुळे दुरून पट्टे दिसले की त्या बोटीवर निदान एक माणूस शिकलेला आहे, हे धक्क्यावरच्या लोकांना कळू लागले. जाहिरातीवर दमडी न खर्चता संस्थेची जाहिरात होत होती.

तीन वर्षांत अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लहान नौका हाकू शकणारी, नकाशा वाचू शकणारी माणसे नौदलाला तातडीने हवी होती. फ्रँकलिन डी. रूझवेल्ट तेव्हा नौदल खात्याचे सहायक सचिव होते. पॉवर स्क्वाड्रन्सनी मोफत वर्ग चालवले आणि त्यातून शिकून कित्येक तरुण नौदलात गेले. याच धामधुमीत, १९१७ साली, संस्थेच्या संस्थापकांपैकी एक आणि ‘मोटर बोटिंग’ मासिकाचे संपादक चार्ल्स चॅपमन यांनी नौकानयनाचे एक पुस्तक लिहिले. रूझवेल्ट यांच्या सांगण्यावरून लिहिलेले हे प्रशिक्षणाचे पुस्तक पुढे सुधारत, वाढत गेले. आज त्याच्या ६० हून अधिक आवृत्त्या निघाल्या आहेत आणि अमेरिकी बोटवाला त्याला नुसते ‘चॅपमन’ म्हणतो.

१९२१ ते १९४० : शिडीच्या पायऱ्या

युद्ध संपल्यावर अशा संस्थांचे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. निकड संपते, उत्साह ओसरतो, सभेला तीच ती दहा माणसे येतात. पॉवर स्क्वाड्रन्स या अवस्थेत अडकून पडल्या नाहीत, याचे श्रेय अभ्यासक्रम रचणाऱ्या अनेक अनाम सभासदांना द्यावे लागेल.

त्यांनी केले असे की सर्वांसाठी खुला असलेला प्राथमिक वर्ग ही पहिली पायरी ठेवली आणि तिच्यावर सभासदांसाठी आणखी पायऱ्या बांधल्या. सीमनशिप, पायलटिंग, ॲडव्हान्स्ड पायलटिंग, ज्युनिअर नेव्हिगेशन आणि नेव्हिगेशन. सीमनशिपच्या पायरीवर नांगर टाकणे, दोर बांधणे, बोट हाताळणे. मधल्या दोन पायऱ्यांवर किनारा, दीपस्तंभ आणि बोये पाहून आपण कुठे आहोत हे नकाशावर काढणे. वरच्या दोन पायऱ्यांवर सेक्स्टंट डोळ्याला लावून सूर्य, चंद्र, तारे यांच्यावरून स्थान ठरवणे. जोडीला इंजिनाची देखभाल, हवामान, शिडे असे ऐच्छिक विषय येत गेले. जो जितकी पायरी चढेल तितकी अक्षरे त्याच्या नावापुढे लागतात, आपल्याकडे पदवी लागते तशी. शिडीचे टोक गाठणाऱ्याच्या नावापुढे ‘एस. एन.’ म्हणजे सिनिअर नेव्हिगेटर.

ही रचना वरवर शैक्षणिक दिसली, तरी सभासद टिकवून धरण्याचा तिच्याइतका नामी उपाय संस्थेला दुसरा सापडला नाही. क्लबात नुसते जेवण आणि गप्पा असतील तर माणूस दोन वर्षांत कंटाळतो. इथे दर हिवाळ्यात शिकायला पुढचे काहीतरी असे, आणि ते शिकवणारा माणूस शेजारच्या धक्क्यावरचाच असे. त्याला पगार नाही. विद्यार्थ्याने फक्त पुस्तक-साहित्याचे पैसे द्यायचे.

या काळाची एक आठवण सीमेपलीकडची आहे. डेट्रॉइट नदीच्या अलीकडे अमेरिकेचे डेट्रॉइट, पलीकडे कॅनडातले विंडसर. डेट्रॉइटच्या वर्गांचे पाहून विंडसरच्या बोटवाल्यांनीही अभ्यास सुरू केला, आणि १९३८ साली तिथे कॅनडाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. वर्ग काढला की वर्गातून क्लब निघतो, ही गोष्ट दुसऱ्या देशातही खरी ठरली. १९३९ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने नागरिकांची स्वतःची सहायक संघटना काढली. तिचेही वर्ग सुरू झाले. एका गावात दोन संस्थांचे वर्ग म्हटल्यावर थोडीफार चढाओढ आलीच. पण बोटवाल्यांना त्यात लाभच होता, आणि पुढे दोन्ही संस्थांनी पुष्कळ कामे मिळून केली.

१९४१ ते १९५० : पुन्हा युद्ध

दुसऱ्या महायुद्धात पहिल्याचीच पुनरावृत्ती झाली. सभासद मोठ्या संख्येने सैन्यदलांत गेले. मागे राहिलेल्यांनी दिशा-स्थान काढण्याचे वर्ग चालवले. युद्ध संपून परत आलेल्या लाखो तरुणांना पाण्याची ओढ लागलेली होती. त्यांच्यासाठी बोटी स्वस्त होण्याचीच वाट होती.

१९५१ ते १९७० : फायबरग्लास आणि फळा

बोटी स्वस्त झाल्याच. लाकडाऐवजी फायबरग्लासचे सांगाडे साच्यातून निघू लागले. मोटारीच्या मागे ट्रेलर लावून बोट घराच्या अंगणातून तळ्यापर्यंत नेता येऊ लागली. समुद्रापासून हजार मैल आत, धरणांच्या जलाशयांवर, ज्यांच्या घराण्यात कुणी समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे बोटी घेऊ लागली. अपघात वाढले. १९५८ साली संघराज्याने बोटींना क्रमांक देण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या ठरावाने राष्ट्रीय सुरक्षित नौकानयन सप्ताह सुरू झाला.

संस्थेच्या दृष्टीने हा सुगीचा काळ. नव्या बोटीचा मालक धास्तावलेला असतो. त्याची बायको त्याहून जास्त. वर्गात नाव नोंदवायला अनेकदा तीच लावते, असे संस्थेत गमतीने म्हणत. विमा कंपन्या वर्ग केलेल्याला हप्त्यात सवलत देऊ लागल्या, ही आणखी एक गोडी.

त्या वर्गात काय चाले, ते जरा जवळून पाहायला हवे.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येक बाकावर हातभर दोराचा तुकडा ठेवलेला. शिक्षक बोलत असताना विद्यार्थ्यांचे हात गाठ मारत राहतात. पहिली गाठ बोलाइन, कारण ती ताणाखाली सरकत नाही आणि काम झाल्यावर सहज सुटते. ती शिकवायची रीत सगळीकडे एकच : दोराचे टोक म्हणजे ससा, ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो आणि पुन्हा बिळात शिरतो. पन्नाशीचे बँक मॅनेजर, दंतवैद्य, गवंडी ओठांत सशाची गोष्ट पुटपुटत दोराशी झटत आहेत, हे दृश्य पाहिलेल्या माणसाला क्लबाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. शेजाऱ्याची गाठ सुटत नाही म्हणून आपण हात लावतो, आणि तिथेच ओळख होते.

मग नकाशा. संस्थेने सरावासाठी एक खाडीच कल्पून काढली आहे : बाउडिच बे. नॅथॅनिएल बाउडिच या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नौकानयनाचा ग्रंथ लिहिणाऱ्या गणितज्ञाच्या नावाची. जगात कुठेही नसलेल्या या खाडीत खडक आहेत, उथळ पाणी आहे, बोये आहेत. तिच्यात बोट अडकली तर फक्त पेन्सिलीचे टोक मोडते. तिथे अंतर काढायचे सूत्र विद्यार्थी पत्त्यासारखे पाठ करतात, ‘६० डी स्ट्रीट’ : अंतर गुणिले ६० बरोबर वेग गुणिले मिनिटे. ताशी १२ सागरी मैल वेगाने २० मिनिटे गेलात, तर २४० भागिले ६०, म्हणजे ४ मैल. होकायंत्राचा कल दुरुस्त करण्याच्या क्रमासाठी एक वाह्यात वाक्य आहे, मेलेली माणसे दोनदा मत देऊ शकतात का, अशा अर्थाचे. त्यातल्या इंग्रजी आद्याक्षरांत क्रम दडलेला आहे. वर्गात हशा पिकतो, आणि परीक्षेत कोणी चुकत नाही.

बोयांच्या रंगांपाशी मुंबईकराची मात्र फसगत होईल. अमेरिकेत समुद्रावरून बंदरात परतताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा. तिथल्या वर्गातला हा पहिला मंत्र. भारतात, युरोपात याच्या नेमके उलट : परतताना लाल डावीकडे. जगाची अशी दोन विभागांत वाटणी झालेली आहे. मुंबई बंदरात हात बसलेल्या माणसाने न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सुकाणू धरण्याआधी निदान ही एक संध्याकाळ तरी वर्गात काढलेली बरी.

आणि पेट्रोलचे इंजिन. बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते, ती हवेपेक्षा जड असल्यामुळे आपोआप बाहेर जात नाही. म्हणून चावी फिरवण्याआधी निदान ४ मिनिटे पंखा चालवायचा आणि नाकाने वास घ्यायचा. शिक्षक ही गोष्ट सांगताना घड्याळ लावून ४ मिनिटे गप्प बसला, तर ती केवढी मोठी वाटतात हे विद्यार्थ्याला कळते. घाईत असलेला माणूस ती का टाळतो, तेही कळते.

शेवटच्या दिवशी परीक्षा, मग निकाल, आणि प्रमाणपत्र देण्याची एक छोटी बैठक. शाखेचा कमांडर स्वतः येई, घरचे लोकही येत. उत्तीर्ण झालेल्यांना तिथे सभासदत्वाचे निमंत्रण मिळे. निमंत्रण हा शब्द महत्त्वाचा. कोणी ‘आमच्यात या हो’ म्हणून मागे लागत नसे. त्यापाठोपाठ कोणीतरी म्हणे, येत्या उन्हाळ्यात आमच्या पाच-सहा बोटी एकत्र जाताहेत, तुम्हीही चला. नव्या मालकाला एकट्याने लांब जायची भीती असतेच. सोबत मिळाली की तो निघतो, संध्याकाळी नांगर टाकून बोटी एकमेकींना बांधल्या जातात, आणि स्वयंपाक एका बोटीवरून दुसरीवर फिरतो. पुढच्या हिवाळ्यात हा माणूस सीमनशिपच्या वर्गात बसलेला दिसतो, आणि आणखी दोन वर्षांनी सशाची गोष्ट सांगताना.

काम करणाऱ्याची नोंद ठेवण्याची पद्धतही संस्थेने काढली. वर्षभरात पुरेसे काम केलेल्या सभासदाला मुख्य कमांडरांच्या सहीचे एक ‘मेरिट मार्क’ मिळते. अशी ५ झाली की ज्येष्ठ सभासद, २५ झाली की आजीव सभासद. शिकवणारा असो, की नावनोंदणीच्या टेबलाशी बसणारा, समितीत राबणारा असो, मार्क एकच. कामात उच्चनीच न मानण्याची ही रीत अनेक संस्थांनी उचलण्यासारखी आहे.

१९६३ पासून सभासदांनी आणखी एक काम अंगावर घेतले. आपल्या भागातला एखादा बोया जागचा हलला, नकाशात नसलेला धक्का उभा राहिला, पाण्याची खोली बदलली, तर त्याची नोंद करून ती सरकारी सागरी नकाशा खात्याला पाठवायची. वर्गात नकाशा वाचायला शिकलेला माणूस आता नकाशा दुरुस्त करू लागला.

१९७१ ते १९९० : कायदा आणि सभासदत्व

१९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्याने बोट बांधणाऱ्यांवर बंधने घातली. लहान बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी, अशी मानके आली. राज्यांना सुरक्षा शिक्षणासाठी निधी मिळू लागला. १९७३ साली अमेरिकेत करमणुकीच्या बोटींच्या अपघातांत १,७५४ माणसे दगावली होती. त्यानंतर हा आकडा हळूहळू खाली येत गेला. त्याचे श्रेय कोणत्या एका संस्थेने घेणे बरे नव्हे. कायदा, बोटींची बांधणी, लाइफ जॅकेट, तटरक्षक दल आणि हजारो संध्याकाळचे वर्ग, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

याच काळातला महत्त्वाचा निर्णय स्त्रियांच्या सभासदत्वाचा. स्त्रिया वर्गात येत होत्या, परीक्षा उत्तीर्ण होत होत्या, प्रमाणपत्र मिळवत होत्या. मात्र पूर्ण सभासदत्व त्यांना नव्हते. या विषयावर संस्थेत बरीच वर्षे चर्चा झाली. तिच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. १९८२ साली स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळाले. स्थापनेनंतर ६८ वर्षांनी, हे मात्र नोंदवायलाच हवे. पुढे स्त्रिया शाखांच्या कमांडर झाल्या, शिक्षणाधिकारी झाल्या, आणि अनेक ठिकाणी वर्गांचा बराचसा भार आज त्यांच्याच खांद्यावर आहे.

अनेक राज्यांनी आता शिक्षण सक्तीचे करायला सुरुवात केली. मेरीलँडमध्ये १९८८ पासून १ जुलै १९७२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला मोटारबोट चालवायची तर सुरक्षा प्रमाणपत्र लागू लागले. जन्मतारखेवर कायदा बांधण्याची ही युक्ती चतुर होती : जुन्या मतदारांना त्रास नाही, आणि नवी पिढी शिकलेलीच पाण्यावर येईल.

१९९१ ते २०१० : दार दुसरीकडे उघडते

सक्तीमुळे वर्ग भरतील आणि वर्गांबरोबर क्लबही, असा साधा हिशेब होता. १९९४ साली अलाबामाने बोट चालवण्यासाठी परवानाच सक्तीचा केला. असे करणारे ते पहिले राज्य. इतर राज्येही प्रमाणपत्र मागू लागली. सुरुवातीला हिशेब बरोबर येतोय असे वाटले. नव्वदच्या दशकात संस्थेचे सुमारे ६० हजार सभासद आणि ४५० च्या आसपास शाखा होत्या.

पण सक्तीने एक वेगळाच विद्यार्थी वर्गात आणला. आधीचा विद्यार्थी शिकायला येत असे; हा कार्ड मिळवायला आलेला होता. त्याला आठवडाभराच्या संध्याकाळी नको होत्या. एका शनिवारात आटपा, असे त्याचे म्हणणे. संस्थेने तेही केले. एका दिवसाचा वर्ग काढला, आणि तटरक्षक दलाच्या सहायक संघटनेबरोबर समान अभ्यासक्रमही तयार केला. मग इंटरनेट आले, आणि शनिवारही लागेनासा झाला. रात्री जेवण झाल्यावर संगणकासमोर बसून अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची, कार्ड टपालाने घरी. शिक्षण झाले, कायदा पाळला गेला. दोराचा तुकडा मात्र कोणाच्या हातात आला नाही, आणि शेजारी बसलेला माणूस तर नव्हताच.

इथे संस्थेच्या ध्यानात आले असावे की आपले खरे बळ अभ्यासक्रमात नव्हतेच. अभ्यासक्रम कोणीही देऊ शकतो. बाकावर दोन अनोळखी माणसे शेजारी बसण्यात ते होते. सभासद वयस्क होत चालले होते, नवे येणे कमी झाले होते, आणि सभासदसंख्या उतरणीला लागली. परीक्षेची अट ठेवावी की काढावी, यावर सभांमधून मते मांडली गेली. दोन्ही बाजूंना संस्थेचे भलेच व्हावेसे वाटत होते. कालांतराने अट शिथिल झाली. आज परीक्षा न देताही सभासद होता येते, आणि बोट नसली तरी चालते.

उलट्या दिशेने जाण्याचा एक प्रयत्न मात्र यशस्वी झाला. लोक वर्गात येत नाहीत तर आपण धक्क्यावर जावे. तटरक्षक दलाच्या सहायकांबरोबर सभासद बोटींची मोफत सुरक्षा तपासणी करू लागले. प्रत्येक माणसामागे लाइफ जॅकेट आहे का, १६ फूट व त्याहून लांब बोटीत फेकता येणारे जीवरक्षक साधन आहे का, अग्निशामक नळकांडे मुदतीत आहे का, दिवे लागतात का. सगळे ठीक असेल तर बोटीच्या काचेवर एक चिकटपट्टी लागते. काही कमी असेल तर फक्त मालकाला सांगितले जाते. पोलिसांकडे कागद जात नाही. म्हणूनच लोक बोट दाखवायला कचरत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांच्या या गप्पांतून जितके सभासद मिळतात, तितके पत्रके वाटून मिळत नाहीत, असा शाखांचा अनुभव आहे.

२०११ ते २०२४ : पाण्यावरचा वर्ग

शताब्दीनंतर संस्थेने लोकांपुढे जाताना ‘अमेरिकाज बोटिंग क्लब’ हे नाव घेतले. ‘पॉवर स्क्वाड्रन’ म्हटल्यावर नव्या पिढीला वीज कंपनी आठवते, हा युक्तिवाद खोडून काढणे अवघड होते. वरच्या वर्गांची नावेही बदलली : पायलटिंगचे मरीन नेव्हिगेशन झाले, नेव्हिगेशनचे सेलेस्टियल. जुन्या सभासदांच्या नावापुढची अक्षरे मात्र आहेत तशीच आहेत, आणि त्यांना ती प्रिय आहेत.

सर्वांत मोठा बदल वर्गाच्या जागेत झाला. संगणकावर जे शिकता येते ते संगणकावर शिकू द्यावे; जे शिकता येत नाही ते आपण शिकवावे, असे धोरण ठरले. वाऱ्यात बोट धक्क्याला कशी लावायची, दोन इंजिने असलेली बोट जागच्या जागी कशी फिरवायची, माणूस पाण्यात पडला तर वळून त्याच्यापर्यंत कसे यायचे : हे आता पाण्यावर, प्रत्यक्ष सुकाणू हातात देऊन शिकवले जाते. पाण्यावर जाण्याआधी चाक आणि गिअर असलेल्या सिम्युलेटरवर सराव करून घेतात. घरी कार्ड मिळवलेला माणूस इथे येतो, कारण कार्ड मिळाले तरी बोट अजून धक्क्याला आपटतेच आहे. तो आला की शेजारी कोणीतरी उभा असतो. जुने दार पुन्हा उघडले ते असे.

२०२० साली साथीच्या काळात लोकांनी बोटी घेण्याचा सपाटा लावला. घरात कोंडलेल्यांना पाणी मोकळे वाटले. त्या वर्षी बोट अपघातांत ७६७ जण गेले. आदल्या वर्षी हा आकडा ६१३ होता. वर्ग बंद होते, तरी शिक्षकांनी झूमवर बोलाइन शिकवली. कॅमेऱ्यात ससा उलटा दिसतो आणि विद्यार्थ्याचा वळसा भलत्या बाजूने पडतो, ही अडचण तेव्हाची.

२०२३ पर्यंत मृत्यूंचा आकडा ५६४ वर आला. १९७३ मध्ये देशात ६० लाखांवर नोंदणीकृत बोटी होत्या, आता त्या १ कोटी १५ लाखांच्या घरात आहेत. तेव्हा ही घट लहान नव्हे. तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीत दोन ओळी वर्गात आवर्जून दाखवल्या जातात. कारण कळलेल्या मृत्यूंपैकी ७५ टक्के बुडून झाले, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. आणि चालकाने शिक्षण घेतले होते की नाही हे जिथे कळले, त्या मृत्यूंपैकी ७५ टक्के अशा बोटींवर घडले जिच्या चालकाने सुरक्षेचा वर्ग केलेला नव्हता. वर्गाचे महत्त्व सांगायला दुसरे भाषण लागत नाही.

नवे नियमही वर्गात येत राहतात. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोटींवर इंजिन बंद करणारा स्विच बसवलेला असेल तर चालकाने तो स्वतःशी जोडून ठेवणे सक्तीचे झाले. चालक पाण्यात फेकला गेला तर इंजिन आपोआप थांबते. न्यूयॉर्क राज्याने २०२० पासून टप्प्याटप्प्याने कायदा लागू करत २०२५ पर्यंत मोटारबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, प्रमाणपत्र सक्तीचे केले. न्यू जर्सीतही ते लागतेच. त्या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी तळ्याकाठी घर घेतले आणि मागोमाग बोट घेतली, त्यांना हा वर्ग आता चुकणार नाही.

सरकारी छापील सागरी नकाशे २०२४ अखेर बंद झाले. यापुढे अद्ययावत नकाशा मुख्यतः पडद्यावर. संस्थेच्या वर्गात पडदाही आहे, पण बाउडिच बे अजून कागदावर उलगडते. टेबलावर चौघे वाकून उभे, एकाच्या हातात समांतर पट्टी, दुसऱ्याच्या हातात कंपास, तिसरा ६० डी स्ट्रीट पुटपुटतो आहे. चौथ्याने पेन्सिल चालवली आणि बोट खडकावर घातली. बाकीचे तिघे हसतात, तोही हसतो, खोडरबर शोधतो. मागच्या टेबलावर कॉफी उकळते आहे, आणि तिच्या शेजारी सभासदत्वाच्या अर्जांचा गठ्ठा.